माकडापासून माणूस? आपला खांदा, गुडघा आणि कंबर काय सांगतात

सोमेश्वरी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी.

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर परवा ते नेहमीचं चित्र आलं. डावीकडे चार पायांवरचं माकड, मग थोडं उठलेलं, मग पोक काढून चालणारं आणि उजव्या टोकाला ताठ माणूस. खाली लगेच प्रश्न: मग आजची माकडं माणूस का होत नाहीत? दोन्ही बाजूंनी तावातावाने लिहिलं गेलं, पण शरीराकडे कुणी बघितलंच नाही. म्हणून हा धागा काढतेय.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, नाशिकला गंगापूर रोडला बसते. निम्मे पेशंट शहरातले, निम्मे दिंडोरी-निफाडकडचे, द्राक्षबागेत राबणारे. रोज सांधे तपासताना माझं एक मत पक्कं होत गेलं आहे. आपण कुठून आलो याचा पुरावा आपल्या अंगातच आहे, पण तो त्या चित्रातल्या रांगेसारखा नाही. शरीराचे वेगवेगळे भाग वेगवेगळ्या काळातले आहेत. खांदा फार जुना, गुडघा त्याच्या बराच नंतरचा, आणि कपाळ-हनुवटी अगदी अलीकडची.

खांद्यापासून सुरुवात करते. घडांची विरळणी करणाऱ्या बायका मंडपाखाली तासन् तास दोन्ही हात डोक्याच्या वर धरून उभ्या असतात. अंजनेरीच्या वाटेवरच्या माकडाला हे इतक्या सहज जमत नाही. माकडाची छाती अरुंद आणि खोल, खांद्याचं पातं बरगड्यांच्या कडेला असतं. हात पुढे-मागे चांगला चालतो, कारण ते फांदीच्या वरून चार पायांनी चालतं. आपली छाती रुंद आणि चपटी, पातं पाठीवर, आणि हात गोल फिरतो. ही ठेवण फांदीखाली लोंबकळणाऱ्या एपांची आहे. एप म्हणजे बिनशेपटीचे: गिबन, ओरांगउटान, गोरिला, चिंपांझी, बोनोबो, आणि त्याच कुळातले आपण. झाडं सोडून लाखो वर्षं झाली, खांदा मात्र तोच घेऊन आपण खाली उतरलो. पुढे त्यात बदल झाले. नेम धरून जोरात दगड किंवा भाला फेकायला लागणारी खांद्याची ठेवण साधारण २० लाख वर्षांपूर्वी होमो इरेक्टस या जुन्या मानवी जातीत एकत्र आलेली दिसते. चिंपांझी ताकदीला आपल्यापेक्षा भारी, पण दहा-बारा वर्षांच्या क्रिकेट खेळणाऱ्या पोरासारखा थ्रो त्याला जमत नाही.

आता गुडघा. उभं राहून स्वतःच्या पायांकडे बघा. मांडीचं हाड खुब्यापासून गुडघ्याकडे तिरकं आत येतं, त्यामुळे दोन्ही गुडघे शरीराच्या मध्याजवळ येतात. एक पाय उचलला तरी तोल जात नाही तो यामुळे. चिंपांझीचं मांडीचं हाड सरळ उतरतं, म्हणून तो दोन पायांवर चालला की डावी-उजवीकडे झोके खात चालतो. १९७३ साली इथिओपियात हदार इथे डोनाल्ड जोहान्सन यांना एक गुडघा सापडला. मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीचं वरचं टोक, वय सुमारे ३४ लाख वर्षं. तिरकेपणा आपल्यासारखाच. पुढच्याच वर्षी तिथेच 'ल्युसी' मिळाली, सुमारे ३२ लाख वर्षांपूर्वीची, सांगाड्याचा जवळपास ४० टक्के भाग. उंची साधारण साडेतीन फूट, ओटीपोटाचं हाड पसरट आणि वाडग्यासारखं म्हणजे चालणाऱ्याचं, पण मेंदू जेमतेम चिंपांझीएवढा.

हे लक्षात घेण्यासारखं आहे. आधी पाय बदलले, डोकं फार नंतर मोठं झालं. टांझानियात लाएतोली इथे ज्वालामुखीच्या ओल्या राखेत उमटलेली पावलं आहेत, मेरी लीकी यांच्या चमूने १९७८ मध्ये उघडी केली. वय ३६ लाख वर्षांच्या वर. टाच आधी टेकलेली, अंगठा बाकीच्या बोटांच्या रांगेत. आपला मेंदू सरासरी १३५० घन सेंटीमीटर. ही पावलं ज्यांची त्यांचा त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा.

कंबरेबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं असतं. ताठ उभं राहायचं तर धड खुब्याच्या बरोबर वर यायला हवं, म्हणून आपल्या कण्याला कमरेत आत वळलेला बाक आहे. गरोदरपणात पोटाचं ओझं पुढे येतं आणि हा बाक वाढवावा लागतो. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की या बाकात पाचरीच्या आकाराचे मणके पुरुषांत दोन असतात आणि स्त्रियांत तीन, शिवाय स्त्रियांच्या मणक्यांमागचे छोटे सांधे तुलनेने मोठे असतात. हाच फरक लाखो वर्षांपूर्वीच्या ऑस्ट्रॅलोपिथेकसच्या, म्हणजे ल्युसीच्या गटातल्यांच्या, कण्यांतही दिसतो. पोटुशी बाई रानात चालत होती, कंद खणत होती, आणि तिच्या कण्याने त्याला जुळवून घेतलं.

एक गोष्ट ठासून सांगते. "माणूस चार पायांचा होता म्हणून कंबरदुखी आपल्या नशिबी आहे" असं पेशंटना सांगितलं जातं, ते मला मान्य नाही. कुठे दुखू शकतं हे उत्क्रांती सांगते. दुखतंच का, याचं उत्तर बहुतेक वेळा कामाचे तास, ओझं आणि विश्रांती यांत असतं.

जुनी_गढी

उत्तम धागा. फक्त "आफ्रिका लांब आहे" असं वाटणाऱ्यांसाठी नाशिकपुरती भर घालतो.

गंगापूरजवळ गंगावाडीला गोदावरीच्या काठावर खडीचा सिमेंटसारखा घट्ट बसलेला थर आहे. त्यातून पुरातत्त्वज्ञ डॉ. ह. धी. सांकळिया यांनी अश्मयुगीन अवजारं शोधली, आणि गोदावरीच्या या अवजारांवरचा त्यांचा अहवाल १९५२ मध्ये डेक्कन कॉलेजने छापला. हातकुऱ्हाडी, रुंद धारेची तोडायची अवजारं, मोठे छिलके. आपल्याच काळ्या पाषाणातली आणि त्यात घुसलेल्या डाइकच्या (भेगेत थिजलेल्या लाव्हाच्या) कठीण दगडातली.

हातकुऱ्हाड जवळून बघायची असेल तर पुण्याला डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात जा. लांबून नुसता दगड वाटतो. जवळ गेलं की दिसतं, एक टोक निमुळतं, दुसरं तळहातात बसेल असं जाड. दोन्ही बाजूंनी टवके काढलेत आणि दोन्ही बाजू एकमेकींशी जुळतात. कडेने बघितलं की धार नागमोडी जाते, कारण एक टवका या बाजूने आणि पुढचा त्या बाजूने काढलाय. दगड हातात घेण्याआधी घडवणाऱ्याच्या मनात आकार तयार होता. नदीने लोळवलेल्या दगडांच्या कडा बोथट होतात, वरचा थर करडा-पिवळट पडतो, तरी टवक्यांच्या खुणा लपत नाहीत.

ही घडण आफ्रिकेत साडेसतरा लाख वर्षांपूर्वी सुरू झालेली दिसते. भारतात तमिळनाडूतल्या अत्तिरम्पाक्कमला शांती पप्पू आणि सहकाऱ्यांनी ती साधारण १५ लाख वर्षांपर्यंत मागे नेली, २०११ मध्ये. म्हणजे अशी अवजारं घडवणारे 'आपण' नव्हेत. होमो सेपियन्सचा, म्हणजे आपल्या जातीचा, तेव्हा जन्मही नव्हता.

त्या माणसाचा चेहरा कसा होता ते भारतात फार थोडं कळतं. मध्य प्रदेशात नर्मदेकाठी हथनोरा इथे १९८२ मध्ये भूवैज्ञानिक अरुण सोनकिया यांना कवटीचा वरचा भाग मिळाला. भुवयांवर जाड हाडाची कड आहे, पण मेंदूची जागा बरीच मोठी. इरेक्टस म्हणावं की सेपियन्सच्या जवळचा जुना प्रकार, यावर अजून वाद आहे. आपल्या गोदावरीच्या थरांत जनावरांची हाडं मिळतात. नांदूर मध्यमेश्वरला गेल्या शतकाच्या सुरुवातीला प्राचीन हत्तीची कवटी मिळाली होती. तिथे पक्षी बघायला जाता तेव्हा हेही डोक्यात असू द्या.

आणि विनंती: काठावर असा दगड दिसला तर उचलून घरी आणू नका. कुठल्या थरात होता ते गेलं की त्याचं निम्मं मोल गेलं. जागेवरच फोटो काढा आणि पुरातत्त्ववाल्यांना कळवा.

अण्णा_पंचवटी

सोमेश्वरीताई, छान लिहिलंत. माझं वय ७१, शिक्षण जुनी मॅट्रिक. दोन शंका आहेत, राग मानू नये.

एक, माकडं अजून आहेत, हा प्रश्न मलाही पडतो. दुसरं, आपल्याकडे मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन असा क्रम सांगितला आहेच. आधी पाण्यातला, मग पाण्या-जमिनीवरचा, मग जनावर, मग अर्धा माणूस, मग खुजा माणूस. हे तेच नव्हे काय? आमच्या कीर्तनात बुवा असंच सांगतात.

तास_चौथा

अण्णा, मी बारावीला जीवशास्त्र शिकवतो. तुमचे दोन्ही प्रश्न वर्गात दरवर्षी येतात आणि ते विचारलेच पाहिजेत.

माकडं अजून का आहेत? कारण आपण आजच्या माकडापासून झालेलोच नाही. तुमचे आणि तुमच्या चुलतभावाचे आजोबा एक. तुम्ही चुलतभावापासून जन्मला नाहीत, आणि तुम्ही जन्मलात म्हणून चुलतभाऊ नाहीसा झाला नाही. चिंपांझी आणि आपण यांचा शेवटचा समान पूर्वज साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वीचा. तो चिंपांझीही नव्हता आणि माणूसही नव्हता. माकडांशी आपलं नातं त्याहून बरंच मागे जुळतं, अडीच कोटी वर्षांच्याही आधी.

दशावताराबद्दल. त्यातला भाव मी मोडू इच्छित नाही, आमच्याही घरी दशमी-एकादशी होते. पण त्या क्रमात एक संपला की दुसरा येतो. सजीवांत तसं घडत नाही. मासे संपले नाहीत, कासवं संपली नाहीत, ती आपापल्या वाटेने बदलत राहिली. झाडाला फांद्या फुटाव्यात तसं हे आहे आणि आपण त्यातली एक डहाळी. शिवाय अवतार काही हेतूने येतो. उत्क्रांतीत पुढचं ठरलेलं काही नसतं. ज्या पिल्लात त्या जागी, त्या काळी उपयोगी पडणारा फरक असतो त्याची पिल्लं जास्त जगतात, एवढंच. कीर्तनातलं कीर्तनात ऐकावं, त्यावर विज्ञानाचा शिक्का मारायची गरज नाही, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

पुरावा हाडांच्याही पलीकडे आहे. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान यांना गुणसूत्रांच्या २४ जोड्या, आपल्याला २३. मग एक जोडी गेली कुठे? आपलं दुसऱ्या क्रमांकाचं गुणसूत्र तपासलं तर त्याच्या मधोमध, जे फक्त टोकांना असायला हवं ते टेलोमियर सापडतं, आणि गुणसूत्रबिंदूची एक निकामी झालेली जागाही. दोन गुणसूत्रं टोकाला टोक लागून जोडली गेली. तसंच क जीवनसत्त्व. बहुतेक सस्तन प्राणी ते शरीरात बनवतात. आपल्याला आवळा-लिंबू खावं लागतं, कारण ते बनवणारं जनुक आपल्यात मोडकं आहे. एपांत आणि माकडांतही तेच जनुक मोडकं आहे.

आणि ताई, ते चित्र. मूळ चित्र रुडॉल्फ झॅलिंगर यांचं, १९६५ चं, त्यात पंधरा आकृत्या होत्या. एक आकृती रामापिथेकसची. माझ्या पिढीने परीक्षेत "मानवाचा पूर्वज : रामापिथेकस" लिहून मार्क मिळवले. शिवालिकच्या डोंगरातले त्याचे जबड्याचे तुकडे जी. एडवर्ड लुईस यांना १९३२ मध्ये मिळाले होते. दात माणसासारखे वाटले, म्हणून पुढे त्याला पूर्वज ठरवलं. १९६७ मध्ये सॅरिच आणि विल्सन यांनी रक्तातल्या प्रथिनांवरून हिशेब मांडला की माणूस आणि आफ्रिकेतले एप वेगळे होऊन ५० लाखच वर्षं झाली असावीत. मग सव्वा कोटी वर्षांपूर्वीचा रामापिथेकस पूर्वज कसा? बराच वाद झाला. पुढे पाकिस्तानात पोटवारच्या पठारावर शिवापिथेकस या जुन्या एपाचा चेहरा मिळाला, तो ओरांगउटानशी जुळणारा निघाला, आणि रामापिथेकस त्यातलाच ठरला. पूर्वजांच्या यादीतून त्याचं नाव गेलं. पुरावा आला की जुनं उत्तर खोडायचं, हे मला पोरांना शिकवायला सगळ्यात जास्त आवडतं.

अण्णा_पंचवटी

चुलतभावाचं पटलं. पण मग निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर त्र्यंबकहून पंढरपूरला चालताना मला नेहमी वाटतं, आमच्याबरोबरचे बैल दमतात, माणसं दमत नाहीत. त्याचंही काही कारण आहे का?

सोमेश्वरी

आहे ना अण्णा. आपल्या अंगावर २० ते ४० लाख घामाच्या ग्रंथी आहेत आणि केस विरळ आणि बारीक. घाम थेट कातडीवरून उडतो आणि अंग गार होतं. कुत्र्याला धापा टाकूनच गार व्हावं लागतं, आणि जोरात पळताना धापा टाकणं जमत नाही. बैलाला घाम येतो, पण आपल्याइतका नाही, शिवाय त्याला रवंथ करायला वेळ लागतो. त्यात भर म्हणून टाचेमागची लांब शिर (कंडरा) धावताना ताणली जाऊन परत ऊर्जा देते. पावलाची कमान तेच करते. आपल्या ढुंगणाचा मोठा स्नायू सपाट रस्त्यावर चालताना फारसं काम करत नाही, पळायला लागलं की लगेच कामाला लागतो. तो धड पुढे कोसळू देत नाही. ब्रॅम्बल आणि लिबरमन यांनी २००४ मध्ये हे सगळं एकत्र मांडलं, की माणूस लांब पल्ल्याचा धावणारा म्हणून घडला. शिकारीसाठीच घडला का, यावर मतभेद आहेत. उन्हात चालण्यात आपण पटाईत आहोत हे मात्र नक्की.

निफाडकर

ताई, आमच्या घरच्याच बागेबद्दल विचारतो. विरळणीला बायका येतात, महिन्याभरात निम्म्या जणी खांदा धरून बसतात. तुम्ही म्हणता खांदा वर हात धरायलाच घडला आहे. मग दुखतो का?

दुसरं, आमची आई अजून चुलीपुढे उकिडवी बसते, तासभर. मला पाच मिनिटं जमत नाही. शहरात तर कमोडच. हे पुढच्या पिढीत उतरणार का?

सोमेश्वरी

दादा, चांगला प्रश्न. एपाचा खांदा लोंबकळण्यासाठी आहे. लोंबकळताना वजन हाताला खाली ओढतं, सांध्यातली फट मोकळी राहते, आणि थोड्या वेळाने तो हात खाली घेतो. तुमच्या बागेत हात वर धरून ठेवायचा, वर कात्री चालवायची, मान मागे टाकायची, तीही तासन् तास. खांद्याच्या टोकाच्या हाडाखालून जाणारी स्नायूंची शिर तिथे चेपते. त्यामुळे हे करा: मंडप ज्यांच्या उंचीला जास्त पडतो त्यांना पायाखाली भक्कम घोडी द्या म्हणजे हात खांद्याच्या पातळीला येतील. दर अर्ध्या तासाने पाच मिनिटं हात खाली असणारं काम द्या. त्याची मजुरी कापू नका, हे मी मुद्दाम लिहितेय. दुखणं रात्री झोपू देत नसेल तर तपासून घ्या.

उकिडवं बसण्याचं. आयुष्यभर उकिडवं बसणाऱ्यांच्या नडगीच्या खालच्या पुढच्या कडेला आणि घोट्याच्या हाडावर छोटे गुळगुळीत ठसे तयार होतात, दोन हाडं एकमेकांना टेकून. हे ठसे निअँडरथलांच्या, म्हणजे आपल्या जवळच्या पण आता नामशेष झालेल्या माणसांच्या, हाडांवरही आढळतात. तुमच्या आईंच्या घोट्यात ते असणार. तुमच्यात नसले तर ते तुमच्या बसण्यामुळे, आणि तुमच्या मुलाने लहानपणापासून सवय ठेवली तर त्याच्यात होतील. सवयीने हाडाला आलेला आकार जनुकांत जात नाही. म्हणून हरवलं असं समजू नका. भिंतीला धरून, टाचेखाली घडी ठेवून रोज थोडं बसायला लागा.

सुईणीची_नात

प्रसूतीबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. मी लेबर रूममध्ये नर्स आहे.

चिंपांझीच्या मादीला बाळाच्या डोक्यापेक्षा जन्मवाट ऐसपैस असते. आपल्याकडे दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतात. चालण्यासाठी ओटीपोट आटोपशीर झालं, आणि नंतर डोकं मोठं झालं. वाट वरच्या बाजूला आडवी रुंद आणि खाली पुढून-मागे रुंद, म्हणून बाळ वळत वळत खाली येतं. डोकं आधी आडवं असतं, मग फिरतं, आणि बहुतेक वेळा तोंड आईच्या पाठीकडे करून बाहेर येतं. माकडीण पिल्लाला स्वतःच धरून पुढे ओढून घेते. आपल्या बाईने तसं ओढलं तर बाळाची मान उलटी ताणली जाईल. मागे दुसरी बाई लागते. माझी आजी सिन्नरकडच्या खेड्यात हेच करायची, "खांदा वळू दे, घाई करू नको" म्हणायची, आणि खरोखर खांदाही वळूनच यावा लागतो.

बाळाचा मेंदू जन्मताना मोठ्या माणसाच्या तीस टक्क्यांच्या आसपास असतो. बाकीची वाढ बाहेर, आईच्या मांडीवर. हे बाळ इतकं कोवळं का जन्मतं? शेरवूड वॉशबर्न यांनी १९६० मध्ये अरुंद वाटेचं कारण दिलं. २०१२ मध्ये हॉली डन्सवर्थ आणि सहकाऱ्यांनी म्हटलं की नऊ महिन्यांनी आईचं शरीर बाळाला आणखी ऊर्जा पुरवू शकत नाही, हे खरं बंधन. मला दोन्हींत तथ्य वाटतं. दमलेल्या, रक्त कमी असलेल्या, नीट जेवण न मिळालेल्या आया बघते तेव्हा दुसरं जास्त पटतं. आणि किशोरवयात मुलीला पोटभर खायला मिळालं नाही तर ओटीपोटाची वाढच खुंटते. ते उत्क्रांतीवर ढकलू नये.

मृण्मयी_सातपूर

वाचनखूण साठवली. ताई, रंगाबद्दल लिहा ना. आमच्या घरी स्थळं बघणं चालू आहे आणि "मुलगी सावळी आहे" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता चर्चेत खरं काय ते वाचायचंय.

तास_चौथा

मृण्मयी, केस विरळ झाले तेव्हा आपल्या पूर्वजांची कातडी उघडी पडली, आणि भर उन्हाच्या आफ्रिकेत गडद रंग टिकला. मेलॅनिन, म्हणजे कातडीतलं रंगद्रव्य, अतिनील किरण अडवतं. ते फोलेट या ब गटातल्या जीवनसत्त्वाची नासाडी थांबवतं, आणि गरोदरपणात बाळाच्या मज्जारज्जूच्या घडणीला फोलेट लागतं. उत्तरेकडे ऊन मंद असतं, तिथे ड जीवनसत्त्व बनवायला थोडे किरण आत जायला हवेत, म्हणून फिकट रंग पसरला. नीना जाब्लोन्स्की यांनी या मांडणीवर खूप काम केलंय. सावळा रंग हा मूळचा, उन्हात टिकणारा. फिकट रंगाशी निगडित एका जनुकाचा प्रकार युरोपात जवळपास सगळ्यांत आणि भारतातही बऱ्याच जणांत आहे. हैदराबादच्या संशोधकांच्या २०१३ च्या अभ्यासात दिसलं की दोन्हीकडचा तो प्रकार एकाच मुळाचा आहे. एकाच घरातल्या दोन सख्ख्या बहिणींत तो वेगवेगळा येऊ शकतो. त्यावरून बुद्धी, कूळ, आरोग्य काही म्हणजे काही कळत नाही.

सह्यमुसाफिर

चर्चा मस्त चाललीय. पण "आपण सगळे आफ्रिकेतून" हे किती पक्कं? आणि मग आर्य, मूलनिवासी वगैरे जे वाद चालतात त्याचं काय? जुनी_गढी, तुम्ही सांगाल का?

जुनी_गढी

पक्कं आहे. सर्वांत जुनी सेपियन्ससारखी हाडं मोरोक्कोत जेबेल इऱ्हूदला, साधारण ३ लाख वर्षांपूर्वीची. २०१७ मध्ये ते वय जाहीर झालं. चेहरा जवळजवळ आपला, पण कवटी अजून लांबट. आपली चेंडूसारखी गोल कवटी नंतर आली. इथिओपियात ओमो किबिशची हाडं दोन लाख वर्षांच्या वरची. आफ्रिकेबाहेरचे आजचे सगळे लोक मुख्यतः ५० ते ७० हजार वर्षांपूर्वी निघालेल्या टोळ्यांचे वंशज. बाहेर त्यांना निअँडरथल भेटले. स्वांते पाबो यांनी २०१० मध्ये निअँडरथलांचा जनुकसंच वाचून दाखवला, २०२२ मध्ये नोबेल मिळालं. तुमच्या-माझ्या डीएनएत एक ते दोन टक्के त्यांचा आहे.

त्याचा एक धागा आपल्या अगदी जवळ येतो. २०२० मध्ये झेबर्ग आणि पाबो यांनी दाखवलं की कोविड गंभीर होण्याचा धोका वाढवणारा तिसऱ्या गुणसूत्रावरचा एक तुकडा निअँडरथलांकडून आला आहे. दक्षिण आशियात जवळपास निम्म्या लोकांत तो आहे, युरोपात सुमारे १६ टक्क्यांत. धोका ठरवणारं हे एकच कारण नव्हे. वय, साखर, वेळेवर ऑक्सिजन यांचा वाटा मोठा होता. नाशिकने २०२१ चा एप्रिल पाहिलाय, त्यामुळे हे वाचताना मी बराच वेळ थांबलो होतो.

आर्य-मूलनिवासी. जनुकांवरून चित्र असं दिसतं: आधी इथे पोहोचलेले शिकारी-संग्राहक, मग इराणच्या बाजूशी नातं असलेले लोक, आणि इ.स.पू. २००० नंतर मध्य आशियाकडच्या गवताळ प्रदेशातून आलेले पशुपालक. हरियाणातल्या राखीगढीच्या, सिंधू संस्कृतीच्या काळातल्या बाईच्या सांगाड्याचा डीएनए २०१९ मध्ये वाचला गेला, त्यात पहिल्या दोघांचा अंश आहे, तिसऱ्याचा नाही. २०१३ च्या एका अभ्यासानुसार साधारण ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात भारतात सगळीकडे मिसळण झाली, आणि नंतर जातीबाहेर लग्नं थांबत गेली. आज शुद्ध कुणीच नाही, ब्राह्मण नाही, मराठा नाही, आदिवासी नाही. आपल्या जुन्या नाशकातल्या मातीच्या गढीवर सांकळिया आणि शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये उत्खनन केलं, तेव्हा तळाशी ताम्रपाषाण काळातली वस्ती मिळाली. नंतर इतके थर एकावर एक बसले. त्या खापऱ्यांवरून कुणाचं गाव पहिलं हे भांडण सुटत नाही आणि त्यासाठी ती खणलीही नव्हती.

मृण्मयी_सातपूर

धन्यवाद दोघांना, हा दुवा मी घरच्या ग्रुपवर टाकतेय. एक शेवटचं: ताईंनी सुरुवातीला हनुवटी म्हटलं, ती कशासाठी असते?

सोमेश्वरी

गंमत म्हणजे याचं एकमत नाही. आरशात बघ, खालच्या ओठाखाली खोलगट आणि मग पुढे आलेलं हाड. ते फक्त आपल्याला आहे. निअँडरथलांचा जबडा मोठा आणि भक्कम, पण तोंडाखाली तो सरळ मागे सरकतो. कुणी म्हणतं चावताना जबड्याला आधार मिळतो, पण चावण्याचा ताण मोजला तर ते फारसं पटत नाही. कुणी बोलण्याशी जोडतं, कुणी जोडीदार निवडण्याशी. मला सगळ्यात सरळ वाटतं ते हे: शिजवलेलं आणि कुटलेलं खायला लागल्यावर दात आणि चेहरा लहान होऊन मागे गेले, जबड्याची खालची कड तितकी मागे गेली नाही, आणि जे उरलं ती हनुवटी. स्वतंत्र उपयोग नसलाच तरी चालतो. अक्कलदाढेला जागा पुरत नाही ती याच लहान जबड्यामुळे, आणि बालपणापासून मऊ खाल्लं की जबडा आणखी कमी वाढतो. घरात लहान मुलं असतील तर त्यांना भाकरी, ऊस, भाजलेले हरभरे चावून खाऊ द्या.

निफाडकर

घोड्यांचं बघतो ताई, सुताराला सांगितलंय. पुढच्या विरळणीला किती जणींचे खांदे दुखले ते इथेच लिहीन.